हाताळणीचा रकाना

प्राण्याचं नाव: ओंदे
जात: बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला आखूड अजगर. विष नाही.
मालक: कुंचोरो, फ्लेक्सवाला, सालातिगा, जावा
कागद क्रमांक: १ (दुसऱ्यांदा)

दुसऱ्यांदा, कारण पहिला कागद बू पोनिरांनी, म्हणजे मंडळातल्या पोनिराबाईंनी, परत दिला. घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि म्हणाल्या, "हा नवीन भरून आण. पेनने. पेन्सिलने नको."

साप पाळणाऱ्यांच्या आमच्या मंडळात प्रत्येकाचा असा एक कागद असतो. तारीख, खाणं, पाणी, कात, हाताळणी असे पाच रकाने आणि कडेला शेरा. महिन्यातून एका रविवारी बू पोनिरांच्या अंगणात कॉफी पीत सगळ्यांचे कागद मोठ्याने वाचतात, म्हणजे एकाने केलेली चूक दुसऱ्याला परत करावी लागत नाही. बू पोनिरा तीस वर्षं दवाखान्यात सुईण होत्या. आता त्यांच्याकडे अकरा साप आहेत. त्यांच्यासमोर खोटं बोलताना माणसाला आपण उघडे आहोत आणि आपलं वजन होतंय असं वाटतं.

शेऱ्याचा रकाना अरुंद आहे. कागद माझ्याच दुकानात छापतात, तो अरुंद मीच ठेवला. आता मलाच पुरत नाही, म्हणून पाठच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे.


१५ सप्टेंबर

हाताळणी, आधी लिहिलं होतं: १५ मिनिटं. साप शांत.
खरं: नाही.

मंडळासाठी मी एक फ्लेक्स छापून दिला होता. दोन मीटर बाय तीन. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं: मिठाने साप अडत नाही. आमच्याकडे घरोघरी अंगणात, दाराशी, मोरीच्या तोंडाशी मीठ टाकतात, साप येऊ नये म्हणून. मंडळाचे लोक गल्लोगल्ली जाऊन सांगतात की त्याने काही होत नाही. अडगळ काढा, उंदीर कमी करा, मोरीला जाळी लावा. फ्लेक्स मी भेट म्हणून दिला. तेव्हा मंडळाचा प्रमुख मस विंदू, म्हणजे आमचा विंदूदादा, उठला, वीस माणसांसमोर माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली आणि म्हणाला, "भेटीला भेट. आता तुम्ही आमचेच."

पिशवी हलली.

तिथेच म्हणायला हवं होतं, की मस विंदू, मला सापाची भीती वाटते, अक्षरं छापतो म्हणजे अक्षरांवर विश्वास असतो असं नाही. पण वीस माणसं हसऱ्या तोंडाने बघत होती आणि आमच्या भागात देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं मोठं अवघड. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या घरी ती बहीण कापडी पिशवीत बसून आली. पिशवी मोटरसायकलच्या हँडलला टांगली होती आणि घरापर्यंत मी दोन्ही गुडघे बाहेर काढून गाडी चालवली.

पिशवीचं तोंड सोडून ती एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात उपडी केली. बायकोने, लास्त्रीने, डब्याच्या पारदर्शक भिंतीतून बघितलं. तो अंगाची गुंडाळी करून, डोकं आत घालून बसला होता. "ओंदे-ओंदेसारखा दिसतोय," ती म्हणाली. तीळ लावून तळलेला गोड गोळा असतो तो. नाव पडलं.

"हातात घे ना," ती म्हणाली.

"आज नको. प्रवासाने दमलाय."


१६ सप्टेंबर

आधी लिहिलं होतं: १० मिनिटं.
खरं: एक किलो मीठ.

डबा दुकानाकडच्या खोलीत होता. झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी बोटभर जाड रेघ ओढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भाताच्या पातेल्यात टाकतात तेच मीठ. मी छापलेल्या फ्लेक्सचा राहिलेला तुकडा त्याच खोलीत गुंडाळून ठेवलेला होता.

पुढे रोज संध्याकाळी टाकू लागलो. रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यात मीठ भरून दाराआड ठेवलं. लास्त्रीने विचारलं तेव्हा म्हटलं, मुंग्यांसाठी. ती म्हणाली, "मुंग्यांना साखर टाकायची तर."


ऑक्टोबर, पूर्ण महिना

आधी लिहिलं होतं: ५, १०, १०, २०, १५, २० मिनिटं.
खरं: ओंदेला हलवायला वापरलेल्या वस्तू.

कपड्यांच्या हँगरची तार, टोक वाकवून. एकदा. तारेवरून घसरला, मी किंचाळलो, दुकानातलं गिऱ्हाईक आत आलं. त्याला सांगितलं, शॉक लागला.

तळणाचा झारा. तीनदा. नंतर धुतला. लास्त्रीला सांगितलं नव्हतं.

फ्लेक्स गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी. यात तो आपणहून शिरला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. ते दोन दिवस माझे बरे गेले.

वेल्डिंगचे हातमोजे. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून आणले, गेट दुरुस्त करतोय म्हणून. इतके जाड, की बोटं मिटेनात. ओंदेवर हात ठेवला आणि आपण काय धरलंय तेच कळेना. तसाच परत काढला.

आणि कॉम्प्युटरचा माउस. मंडळाच्या ग्रुपवर सगळे आपापला साप हातात घेतलेले फोटो टाकायचे. माझ्याकडे दोन वेगळे फोटो होते, एक ओंदेचा, एक माझ्या तळहाताचा. दुकानात बसून मी एकाखाली दुसरा बसवला. बोटांच्या कडा मऊ केल्या, सावलीसुद्धा दिली. लग्नाच्या फ्लेक्सवर परगावी गेलेल्या काकांना मांडवात उभं करतो, त्यातलंच काम. मस विंदूने लिहिलं, "पहिलाच साप, आणि पकड बघा." खाली खूप अंगठे आले. मी प्रत्येकाला धन्यवाद दिले.


११ नोव्हेंबर ते २६ नोव्हेंबर

पाणी, आधी लिहिलं होतं: बदललं. बदललं. बदललं.
खरं: सोळा दिवस पाणी नव्हतं.

हे लिहायला घेऊन चार दिवस झाले.

पाण्याची वाटी डब्यात मागच्या कोपऱ्यात असते. मी झाकणाच्या भोकातून, लांब नळीच्या बाटलीने पाणी सोडायचो. अकरा तारखेला ओंदेने वाटी उलटी केली. ती सरळ करायला कोपरापर्यंत हात आत घालावा लागला असता. नुसतं पाणी सोडलं तर खालचे कागद भिजणार, भिजले की बदलायला लागणार, बदलायला परत हात. म्हणून पाणी सोडणंच थांबवलं. वर उबेसाठी दिवा चालू होता. उंदीर वरून टाकत होतो, तो खात होता, म्हणजे बरा आहे असं धरून चाललो.

असं धरून चाललो, हे खोटं आहे. खोडतो.

मला माहीत होतं. उलटी वाटी बाहेरून दिसायची. मी डब्याच्या त्या बाजूला छापून वाया गेलेल्या पत्रिका रचून ठेवल्या, म्हणजे दिसणार नाही. सत्तावीस तारखेला हँगरच्या तारेने ओढून ती कशीबशी सरळ केली.


२८ नोव्हेंबर

कात, आधी लिहिलं होतं: अखंड.
खरं: तुकडे.

साप कात टाकतो ती मोज्यासारखी एकसंध निघावी लागते. मंडळात लोक ती मोठ्या हौसेने घेऊन येतात, एकमेकांची मापतात. ओंदेची मासे सोलल्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. कोरड्या अंगावरून ती सुटेना. शेपटीच्या टोकाशी दोन-तीन कडी तशीच राहिली, एकावर एक, दोरा घट्ट गुंडाळावा तशी. मी झाकणातून बघितलं आणि कागदावर लिहिलं, अखंड. त्या दिवशी मला वाटलं होतं, एवढंसं तर आहे, पुढच्या वेळी निघेल.


८ डिसेंबर, रविवार, दुपारी चार

हाताळणी, आधी लिहिलं होतं: ३० मिनिटं, प्रात्यक्षिक.
खरं: खाली.

आमच्या गल्लीच्या गटारात आदल्या आठवड्यात नागाची दोन पिल्लं निघाली. गल्लीचे प्रमुख पा वागिमान माझ्याकडे आले. "तू त्या मंडळातला ना? बोलाव त्यांना." म्हणून पत्र्याखालच्या बॅडमिंटन कोर्टावर सभा भरली. साठेक माणसं, तळलेला टोफू, उकडलेल्या शेंगा, गोड चहा. जाळीवर माझा फ्लेक्स टांगलेला.

मस विंदूने छान सांगितलं. शेवटी म्हणाला, "आता डोळ्यांनीच बघा. मिठाचं रिंगण करू आणि साप आत सोडू. एवढंच, की साप आणले आणि मीठ विसरलो. जवळ कोणाच्या घरी आहे का?"

लास्त्री उठली. आमचं घर सगळ्यात जवळ. परत आली ती रंगाचा डबा दोन्ही हातांनी धरून.

"एवढं मीठ?" पा वागिमान म्हणाले. "मासे खारवता की काय?"

"नाही हो," लास्त्री म्हणाली. "दाराशी टाकायचं आहे ते."

तिने मुद्दाम म्हटलं की सहज, हे मला अजून ठाऊक नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

"साप पाळणाऱ्याच्या दाराशी मीठ," पा वागिमान म्हणाले. "म्हणजे डॉक्टरच मांत्रिकाकडे जातो म्हणायचं."

सगळे हसले. मस विंदूही हसला, पण त्याच्या कपाळावर आठी आली. बू पोनिरा हसल्या नाहीत. साठ तोंडं माझ्याकडे वळलेली, आणि माझ्या तोंडून निघालं:

"ते आमच्या सासूबाई टाकतात. जुनी माणसं. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत."

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, इबू, लास्त्रीची आई. गल्लीत त्यांना बू कार्ती म्हणतात. आमच्याच घरी राहतात. मांडीवर शेंगांची टरफलं होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग मांडीवरची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "हो ना. मीच. आमच्या गावाकडे टाकायचे. सवय जात नाही बघा."

"असू दे हो बू," कोणीतरी म्हणालं, लहान मुलाला म्हणतात तसं.

मस विंदूने सिमेंटवर मिठाचं रिंगण केलं. "मस कुंचोरो, सोडा तुमचा ओंदे." मी झाकण काढलं आणि डबा तिरका केला. ओंदे घसरत रिंगणाच्या मधोमध आला. लोकांना वाटलं, अशीच पद्धत असते.

बराच वेळ तो गुंडाळी करून बसला. मग सुटला, जीभ काढत मिठापर्यंत आला आणि न थांबता वरून जाऊ लागला. डोकं पलीकडे, मान पलीकडे, अर्धं अंग पलीकडे. "बघताय ना?" मस विंदू म्हणाला. "काही आहे का?" पाऊण अंग पलीकडे गेलं. मग शेपटी मिठावर आली.

चटका बसावा तसा तो आखडला. सगळं अंग आत ओढून घेतलं, रिंगणात परतला आणि डोकं पोटाखाली घालून गोळा झाला.

"अडला," मागून कोणीतरी म्हणालं.

"अडला की."

"थांबा, थांबा," मस विंदू म्हणाला, "परत करू." पण ओंदे सुटेना. शेजारच्या बू तुमिनींनी इबूंच्या पाठीवर थाप मारली. "बू कार्ती बरोबर होत्या. जावई उगाच बोलत होता."

लोक उठले. मस विंदू फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता. गेली सहा वर्षं तो हेच प्रात्यक्षिक करतोय. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातलं मीठ संपलं.

बू पोनिरांनी ओंदेला उचललं, नळाखाली धुतलं आणि शेपटी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. कडी काळी पडली होती. त्यांच्या वर लालभडक, ओलं. त्यांनी आवाज इतका खाली आणला की फक्त मला ऐकू यावं.

"कात अखंड, असं लिहिलंयस ना?"

"हो."

"पाणी?"

मी डब्याचं झाकण पुसायला लागलो.

"टोक गेलं," त्या म्हणाल्या. "ते पडेल. ही कडी सुटली नाहीत तर मेलेलं वर वर चढत जाईल. आता नीट ऐक. रोज कोमट पाण्यात अर्धा तास. मग ओलं फडकं हातात घ्यायचं आणि त्यातून त्याला जाऊ द्यायचं. ओढायचं नाही, तो स्वतः जातो. हातमोजे नाहीत, त्याने हाताला कळत नाही. बुधवारी सेमारांगहून प्राण्यांचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवू. तोवर हे तू करायचं."

"बू, तुम्हीच केलंत तर..."

"मी आत्ता पाच मिनिटांत करीन. महिन्या-दीड महिन्याने परत कात येईल. तेव्हा?" त्यांनी ओंदेला डब्यात ठेवलं. डबा तिरका केला तेव्हा परत उलटलेली वाटी सरळ केली. एका हाताने, बोलता बोलता. "नको असेल तर सांग. आज घेऊन जाते. त्यात लाज नाही. सांग."

माझी सुटका समोर होती आणि तिला कोणी हसत नव्हतं. पण त्या वाटीकडे बघत 'घेऊन जा' असं म्हणवेना. दोन शब्द होते. "ठेवतो," म्हटलं.

तेव्हा त्यांनी फाइलमधून माझा कागद काढून माझ्या खिशात घातला.


८ डिसेंबर, संध्याकाळ

कोमट पाणी: अर्धा तास. (डब्यातच ओतलं.)
फडकं: भिजवून पिळून तयार.
हाताळणी: नाही.

दोनदा हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. तो हलला की माझा हात बाहेर. तिसऱ्यांदा घालायच्या आधी मी दुकानाचं शटर उगाच तपासून आलो.

लास्त्रीने ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि आईजवळ जाऊन झोपली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी एकेक शब्दच बोलली. जेव. सरक. ऊठ.


९ डिसेंबर, सकाळी सहा

जाग आली तर खोलीच्या दाराशी केरसुणीचा आवाज. इबू उंबरा झाडत होत्या. मीठ नव्हतं, आदल्या संध्याकाळी मी टाकलंच नव्हतं, मिठाचा डबा कोर्टावरच राहिला होता.

"इबू, आज काही नाहीये तिथे."

"नाहीये खरं," त्या म्हणाल्या. "हात आपोआप येतो."

मी उठून बसलो. "तुम्ही रोज झाडत होता?"

"तू उठायच्या आत. रात्रीत ओलं होतं ते, पायाला चिकटतं." त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "आणि कोणी आलं-गेलं तर दिसायला नको. फ्लेक्सवाल्याचं घर."

"म्हणजे माहीत होतं."

"मग काय भूत टाकत होतं?"

सप्टेंबरपासून. रोज. मी कोर्टावर त्यांचं नाव घेतलं, तेव्हा त्यांना विचार करावा लागला नव्हता. माझं मीठ लपवायची त्यांना तोवर सवयच झाली होती.

ईदच्या सकाळी आम्ही मोठ्यांच्या गुडघ्यांवर कपाळ टेकवतो आणि वर्षभरात मनाने, शब्दाने, हाताने जे काही चुकलं असेल त्याची एकदम माफी मागतो. त्या एका वाक्यात सगळं मावतं. म्हणून एरवी, साध्या सोमवारी, एकाच गोष्टीची, तिचं नाव घेऊन माफी कशी मागायची हे मला येत नाही. ईदला अजून तीन-साडेतीन महिने होते. मी अंथरुणाची घडी घालायला लागलो.

"ती बाई काल शेपटीचं काय सांगत होती?" इबूंनी विचारलं.

सांगितलं. पाण्याचंही सांगितलं. सोळा दिवस म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"मग कर की."

"हात जात नाही, इबू."

त्यांनी नेसत्या सारोंगला हात पुसले. "मी सापाला शिवणार नाही. आधीच सांगून ठेवते. मेले तरी नाही. पण तुझा हात धरते."


९ डिसेंबर, सकाळी सात

हाताळणी: ४ मिनिटं.

न्हाणीघरात, पाटावर बसून. ओंदे बादलीत, कोमट पाण्यात. इबू माझ्या उजव्या बाजूला, तोंड भिंतीकडे फिरवून. त्यांनी माझं मनगट धरलं. पिळा घालून धुणं पिळणारे हात ते, पकड चांगली होती. त्यांनी हात खाली दाबला नाही. फक्त मागे येऊ दिला नाही.

बोटं त्याच्या पाठीला लागली.

"तुझी नाडी धावतेय रे," इबू भिंतीला म्हणाल्या.

"तुमचा हात पण कापतोय."

"माझा कापणारच. मी कुठे साप पाळलाय?"

दुसरा हात खालून घातला आणि उचललं. वजन वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं. तीन महिने माझ्या घरात होता आणि किती जड आहे हे मला माहीत नव्हतं. फडक्यात घेतल्यावर तो थांबला, मग पुढे सरकू लागला. खालचे खवले फडक्याला धरतात, सोडतात, धरतात. माझ्या दोन हातांतून तो एकीकडून दुसरीकडे जात होता, त्याला फक्त पुढे जायचं होतं. शेपटी बोटांत आली तेव्हा मी पकड सैल केली. तरी तो आखडला. मला हात काढून घ्यावासा वाटला, पण तो भीतीने नाही.

इबूंनी मनगट कधी सोडलं ते कळलं नाही. वळून बघितलं तर त्या दारात उभ्या होत्या, डोक्यावरच्या रुमालाने घाम पुसत. "शेवटचं तू एकट्यानेच केलंस," म्हणाल्या. मला मात्र मनगटावर अजून बोटं जाणवत होती.

कडी सुटली नाहीत.


१० डिसेंबर

हाताळणी: ९ मिनिटं. इबू दारात.

वरचं कडं फडक्यात निघून आलं. अंगठीएवढं, कागदासारखं. मी ते फेकलं नाही.


११ डिसेंबर

हाताळणी: डॉक्टरांच्या टेबलापर्यंत मी नेलं.

राहिलेली कडी डॉक्टरांनी काढली. टोक तिथेच पडलं, सालासकटच्या शेंगदाण्याएवढं, काळं. जखमेला मलम. डॉक्टर म्हणाले, जगायला काही अडचण नाही, फक्त बोथट राहील. "चावला होता का उंदीर?" त्यांनी विचारलं. बू पोनिरा खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, उत्तर माझ्यासाठी सोडून.

"नाही," मी म्हटलं. "मी पाणी दिलं नव्हतं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. एवढंच.

आता डब्याजवळ गेलं की पहिली नजर तिथेच जाते. बाकीचं अंग टोकाकडे निमुळतं होत येतं आणि एकदम संपतं.


१७ डिसेंबर

लास्त्रीने हा कागद वाचला. ऑक्टोबरपर्यंत आली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. झारा अंगणात येऊन पडला. नंतर उरलेला वाचला, घडी घातली, आणि बऱ्याच दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली. "आईला वाचून दाखव. तिला बारीक अक्षर दिसत नाही."

दाखवलं. मिठाशी आलो तेव्हा मी पुटपुटत वाचलं. तेवढा भाग परत पहिल्यापासून वाचायला लागला, कारण इबू म्हणाल्या, "ऐकू आलं नाही." त्यांना ऐकू चांगलं येतं.

"माझं नाव घातलंस?"

"हो. काढू का?"

"काढू नको. हे वाचणार कुठे?"

"बू पोनिरांच्या अंगणात. मंडळातलेच असतात. आपल्या गल्लीतलं कोणी नसतं."

"मग काय उपयोग?"

मी कागदाची घडी घातली.

"काल मी मोजलं," इबू म्हणाल्या. "सोळा दारांपुढे मीठ आहे. तुमिनीने मोरीवरची जाळी काढून ठेवली, पाणी तुंबतं म्हणून. मीठ आहे ना आता, म्हणाली. बू कार्तीने सांगितलंय. मी काही सांगितलं होतं का कोणाला? उद्या कोणाच्या मोरीतून नाग आत आला तर नाव माझं निघेल."

"मी जाऊन सांगतो सगळ्यांना."

"घरोघरी फिरून पुटपुटू नको. जिथे बोललास तिथेच बोल." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "त्या विंदूला फोन कर. ह्या वेळचं वाचन इथे करा म्हणावं, कोर्टावर. लोकांना मी आणते. टोफू तळते म्हटलं की येतात. आणि त्या सापाला घेऊन ये. हातात. डब्यातून ओतू नको."

"इबू, तुम्ही माझ्या शेजारी..."

"मी तिसऱ्या रांगेत बसणार," त्या म्हणाल्या. "माझी जागा तीच."

मस विंदूला फोन केला. फोटोचं पण सांगितलं, हात वेगळा होता म्हणून. तो म्हणाला, "सावली फार छान पडली होती." आणि फोन ठेवला. येतो की नाही ते सांगितलं नाही. फ्लेक्स मात्र त्याच संध्याकाळी दुकानात पाठवून दिला, टांगायला.


२२ डिसेंबर, रविवार, दुपारी चार

खाणं: नाही. हाताळायचं असतं त्या दिवशी देत नाहीत.
पाणी: सकाळी बदललं. वाटी मी उचलली.
कात: अजून वेळ आहे.
शेपटी: बोथट. मागे बसलेल्यांनी पुढे येऊन बघावी. मिठाला तो का आखडला ते कळेल.
मीठ: मी टाकत होतो. सासूबाई नाही.
हाताळणी: हा रकाना रिकामा आहे. वाचून झाल्यावर, मी ओंदेला किती मिनिटं हातात धरलं ते बघून, तिसऱ्या रांगेत बसलेल्या बू कार्तींनी भरावा. पेन मी आणलं आहे.